बरणीतून टपालानं गेलेलं औषध

आई-बाप लहानपणीच गेले, पीएचडी झाली तेव्हा चाळिशी उलटली होती आणि ज्या कामानं नाव झालं ते हातात आलं तेव्हा वय साठच्या पुढं होतं. यीस्टची वाढ रोखणारं, माणसाला चालणारं औषध शोधणाऱ्या एलिझाबेथ ली हेझन यांची ही गोष्ट. तुमची आत्ताच गाडी चुकली असं वाटत असेल, तर वाचाच.

घसा धरतो, ताप येतो, डॉक्टर अँटिबायोटिकचा कोर्स देतात. तुम्ही तो घेता, ताप उतरतो. पण एखाद्याला काय होतं, चार-पाच दिवसांनी आरशात जीभ बघितली तर तिच्यावर दह्यासारखा पांढरा थर. जेवताना आग होते. एक आजार गेला, तोवर हे दुसरं काय?

हे यीस्ट. म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच एक चुलत भावंड. नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात ते एरवीही थोडंफार असतंच. आपल्या पोटातले चांगले बॅक्टेरिया त्याला डोकं वर काढू देत नाहीत. अँटिबायोटिकनं वाईटांबरोबर हे चांगले बॅक्टेरियाही मारले जातात, जागा मोकळी होते आणि यीस्टचं फावतं.

बरं, ज्या औषधानं बॅक्टेरिया मेले त्यानं यीस्ट का मरत नाही? प्रश्न साधा वाटतो, पण १९४० च्या दशकात त्यानं भल्याभल्यांना घाम फोडला होता. पेनिसिलिन आलं, स्ट्रेप्टोमायसिन आलं. न्यूमोनिया, क्षय यांच्यावर हत्यार मिळालं म्हणून जग खूश. आणि त्याच वेळी डॉक्टरांच्या लक्षात यायला लागलं की बुरशीच्या आजारांवर मात्र आपल्या हातात धड काही नाही. या कोड्याचं उत्तर जिनं शोधलं, ती तेव्हा निवृत्तीकडं झुकलेली एक सरकारी नोकरदार बाई होती.

कापसाच्या शेतातून कोलंबियात

एलिझाबेथचा जन्म १८८५ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडं मिसिसिपी राज्यात रिच नावाचं छोटंसं गाव आहे, तिथला. घरी कापसाची शेती. ती जेमतेम तीन-चार वर्षांची असताना आई आणि वडील, दोघंही गेले. धाकटा भाऊही वाचला नाही. एलिझाबेथ आणि तिची बहीण अशा दोघी उरल्या. काका-काकूंनी त्यांना लूला नावाच्या गावी आपल्या घरी नेलं आणि पोटच्या पोरींसारखं वाढवलं.

तो काळ आणि तो भाग डोळ्यांसमोर आणा. मुलीनं शिकायचं ते कशाला, असा प्रश्न तिथंही विचारला जायचाच. पण मिसिसिपीत एक वेगळी सोय होती. कोलंबस या गावात सरकारी खर्चानं चालणारं मुलींचं कॉलेज होतं. अमेरिकेतलं अशा प्रकारचं ते पहिलंच. एलिझाबेथ तिथं गेली. १९१० साली ती बाहेर पडली तेव्हा हातात विज्ञानाची पदवी होती, शिवाय कपडे शिवण्याचं प्रमाणपत्रही. एक नाही चाललं तर दुसरं असावं, हा हिशेब तुमच्या घरीही कधीतरी ऐकला असेल.

मग जॅक्सन शहरातल्या शाळेत तिनं विज्ञान शिकवायला घेतलं. सहा वर्षं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे शिक्षक घरी जायचे, ही बाई दुसऱ्या विद्यापीठांत जाऊन कोर्स करायची. पैसे साठवले आणि तिशीत न्यूयॉर्क गाठलं. कोलंबिया विद्यापीठातून १९१७ साली एमएस. तोवर पहिलं महायुद्ध पेटलेलं. लष्कराच्या निदान प्रयोगशाळांत काम केलं. युद्धानंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चार वर्षं काढली. मग पुन्हा कोलंबिया, पुन्हा विद्यार्थिनी. १९२७ साली पीएचडी मिळाली तेव्हा हेझनबाई बेचाळिशीला आल्या होत्या.

गॅप, नोकरी, परत कॉलेज, परत नोकरी. सलग असं त्यांच्या शिक्षणात काहीच नाही. पण लॅबमध्ये हात बसत गेला तो या मधल्या वर्षांतच.

साथीचा माग काढणारी बाई

१९३१ साली त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात रुजू झाल्या. खात्याच्या न्यूयॉर्क शहरातल्या प्रयोगशाळेत रोगजंतूंचं निदान करणं हे काम. नुसतं नमुने तपासून रिपोर्ट देण्यावर त्या थांबायच्या नाहीत. अँथ्रॅक्सचे रुग्ण आले, तर त्याचा माग काढत काढत त्या एका ब्रश बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचल्या. कारण अँथ्रॅक्स जनावरांचा रोग, त्याचे बीजाणू केसांत टिकतात आणि ब्रश बनतो केसांचा. डब्यातल्या आयात माशांतून होणाऱ्या विषबाधेचा छडा लावण्यातही त्यांचा हात होता. डोकं शांत ठेवून धागा सोडायचा नाही, ही त्यांची कामाची पद्धत.

१९४० च्या दशकाच्या मध्यावर वरिष्ठांनी त्यांच्याकडं नवं काम दिलं: बुरशी. बाईंचं वय तेव्हा साठीच्या घरात. विषय जवळपास नवा. मग काय केलं? पुन्हा कोलंबियात गेल्या आणि बुरशीशास्त्र शिकल्या. रुग्णांकडून येणाऱ्या बुरशींचा एक मोठा संग्रहच त्यांनी तयार केला. कुठली बुरशी कशी दिसते, कुठल्या आजारात सापडते, सगळं नीट लावून ठेवलं. हाच संग्रह पुढं कामाला आला.

यीस्टला मारणं अवघड का?

आता थोडं विज्ञान. मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी उजळणी म्हणून वाचा, बाकीच्यांनी घाबरू नका.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. खायला साखर आणि राहायला ऊब मिळाली की तिच्या अंगावर एक कोंब फुटतो, तो मोठा होतो आणि सुटून वेगळी पेशी होते. पाव बनवणारं यीस्ट छान परिस्थितीत साधारण दीड तासात दुप्पट होतं. हिशेब करा. दर दीड तासाला दुप्पट म्हणजे २४ तासांत १६ वेळा दुप्पट. एका पेशीच्या ६५,५३६ पेशी! गोव्यातले पोदेर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालायचे आणि पीठ फुगायचं, ते याच वेगाच्या जिवावर.

हीच वाढ शरीरात नको तिथं झाली तर रोखायची कशी? इथंच घोडं पेंड खातं. पेनिसिलिन बॅक्टेरियाच्या पेशीभोवतीची भिंत नीट बांधू देत नाही. यीस्टलाही भिंत असते, पण ती वेगळ्याच मालमसाल्याची. त्यामुळं पेनिसिलिन यीस्टला ढिम्म हलवू शकत नाही. स्ट्रेप्टोमायसिन बॅक्टेरियाचा प्रथिनं बनवणारा कारखाना बिघडवतं. यीस्टचा कारखाना त्याहून वेगळा, तो बराचसा आपल्यासारखा.

खरी अडचण ही आहे. यीस्ट दिसायला एका पेशीचा जीव, पण आतून ती बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जवळची. तिच्या पेशीत केंद्रक असतं, आपल्याही असतं. तिला मारणारं बरंच काही आपल्यालाही मारतं. सायक्लोहेक्झिमाइड नावाचं रसायन घ्या. यीस्टची वाढ ते झटक्यात थांबवतं, कारण प्रथिनं बनणंच बंद पाडतं. पण प्राण्यांच्या पेशींतही तेच करतं. लॅबमध्ये उपयोगी, औषध म्हणून बाद. म्हणजे हवं होतं असं काहीतरी, ज्याला यीस्ट आणि माणूस यांच्यातला फरक कळतो.

न्यूयॉर्क ते ऑल्बनी, व्हाया पोस्ट

स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या एका जीवाणूपासून मिळालं होतं. या जीवाणूंच्या गटाला अॅक्टिनोमायसिटीस म्हणतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो ना, तो बराचसा यांचाच. बॅक्टेरिया मारणारं औषध मातीत सापडलं, तर यीस्ट मारणारंही सापडेल, असा हेझनबाईंचा होरा. पण जीवाणू वाढवणं एक आणि त्यातलं नेमकं रसायन वेगळं काढणं दुसरं. त्यासाठी पट्टीचा रसायनतज्ज्ञ लागतो.

तो मिळाला त्याच खात्यात, पण ऑल्बनी शहरात, जवळजवळ २४० किलोमीटरवर. नाव रेचल ब्राउन. त्यांचीही गोष्ट ऐका. वडील घर सोडून गेले, आईनं नोकरी करून मुलांना वाढवलं. कॉलेजची फी परवडत नव्हती, ती आजीच्या एका श्रीमंत मैत्रिणीनं भरली. पुढं शिकागो विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध दिला, पण परीक्षेपर्यंत थांबायला पैसे उरले नाहीत. त्या नोकरीला लागल्या आणि पदवी सात वर्षांनी, १९३३ साली हातात पडली.

१९४८ साली या दोघींचं काम जोडीनं सुरू झालं. पद्धत अशी. ठिकठिकाणची माती हेझनबाई गोळा करायच्या. तिच्यातले अॅक्टिनोमायसिटीस वेगळे करून वाढवायच्या आणि दोन यीस्टवर त्यांची परीक्षा घ्यायच्या. एक आपलं कॅन्डिडा. दुसरं क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, जे फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून जीव घेऊ शकतं. दोन्हींची वाढ रोखणारा नमुना सापडला की तो काचेच्या बरणीत घालून सरळ टपालानं ऑल्बनीला. ब्राउनबाई वेगवेगळ्या द्रावकांनी त्यातलं काम करणारं रसायन काढायच्या आणि टपालानंच परत पाठवायच्या. मग हेझनबाई ते पुन्हा यीस्टवर आणि त्यानंतर उंदरांवर तपासायच्या.

बहुतेक वेळा निकाल एकच. यीस्ट मेली, पण उंदीरही गेला. नमुना बाद. पुढची बरणी.

एवढ्या खटाटोपात यश आलं ते एका ओळखीच्या शेतातून. व्हर्जिनियात हेझनबाईंचे स्नेही नूर्स यांचा दुधाच्या गाईंचा फार्म होता. तिथल्या मातीत एक नवा जीवाणू निघाला. त्याला मित्राचंच नाव दिलं: स्ट्रेप्टोमायसिस नूर्सेई. यातून बुरशीवर चालणारे दोन पदार्थ मिळाले. त्यातला एक औषध म्हणून उपयोगाचा ठरला. तो दोन्ही यीस्टची वाढ थांबवत होता, इतर अनेक बुरशींचीही. आणि उंदीर जिवंत होते!

१९५० साली नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या एका बैठकीत दोघींनी हे जाहीर केलं. आधी ठेवलेलं फंगिसिडिन हे नाव कुणीतरी अगोदरच वापरलेलं निघालं. मग न्यूयॉर्क स्टेट या शब्दांवरून नवं नाव आलं: निस्टॅटिन. ज्या राज्याच्या पगारावर शोध लागला, त्याचं नाव औषधाला. स्क्विब कंपनीनं ते बनवायला घेतलं आणि १९५४ साली गोळ्या बाजारात आल्या.

भोक पाडणारं औषध

निस्टॅटिनला यीस्ट आणि माणूस यांच्यातला फरक कळतो तो कसा? हे नीट उलगडलं पुढच्या वर्षांत.

प्रत्येक पेशीला एक पातळ पटल असतं, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारं. हे पटल घट्ट राहावं म्हणून आपल्या पेशी त्यात कोलेस्टेरॉल वापरतात. यीस्ट आणि इतर बुरशी वापरतात एर्गोस्टेरॉल. दोन्ही सख्खी भावंडं वाटावीत इतकी सारखी, पण एक नाहीत. निस्टॅटिन कोलेस्टेरॉलपेक्षा एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट चिकटतं. ते पटलात शिरतं आणि तिथं भोकं पडतात. पेशीतलं पोटॅशियम आणि बाकीचा ऐवज बाहेर गळायला लागतो. फुटक्या घागरीत पाणी कुठवर टिकणार?

मात्रा कमी असेल तर यीस्टची वाढ फक्त थांबते. मात्रा वाढवली की पेशी मरते. बॅक्टेरियाच्या पटलात सहसा असं स्टेरॉलच नसतं, म्हणून निस्टॅटिन त्यांच्या वाटेला जात नाही. त्याचा पुरावाही मजेदार आहे. यीस्ट वाढवायच्या द्रवात वरून एर्गोस्टेरॉल घातलं तर औषधाचा जोर ओसरतो. ते भलत्याच ठिकाणी चिकटून बसतं आणि यीस्ट बचावते.

पण फरक कळतो म्हणजे तो शंभर टक्के कळतो असं नाही. निस्टॅटिन रक्तात टोचलं तर माणसाला त्रास होतो. गिळलं तर आतड्यातून रक्तात जवळपास शोषलंच जात नाही. म्हणून ते तोंड, आतडं, त्वचा, योनीमार्ग अशा ठिकाणच्या यीस्टवर वापरतात. तिथं मात्र ते चांगलंच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे.

शरीराच्या आत खोलवर गेलेल्या बुरशीसाठी याच जातकुळीचं दुसरं औषध काही वर्षांतच स्क्विबच्या शास्त्रज्ञांना मिळालं: अॅम्फोटेरिसिन बी. नाव ओळखीचं वाटतंय? २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस आला, तेव्हा याच इंजेक्शनसाठी लोक दुकानोदुकानी फिरत होते. म्युकर हे यीस्ट नाही, तंतूंची बुरशी आहे. पण तिच्यावरच्या औषधाचं तंत्र तेच, एर्गोस्टेरॉलला धरून पटलाला भोक पाडायचं.

आणि आणखी जवळची गोष्ट. पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्याच मातीतून याच गटातलं एक बुरशीनाशक मिळालं. कंपनीच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं हमायसिन आणि जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. तिकडं न्यूयॉर्क, इकडं पिंपरी.

पैशाचं काय झालं?

१९५७ साली निस्टॅटिनचं पेटंट मिळालं. मुदत संपेपर्यंत रॉयल्टी जमली १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. त्या काळातले डॉलर हे लक्षात घ्या.

दोघींनी त्यातलं स्वतःसाठी काही घेतलं नाही. निम्मी रक्कम विज्ञान संशोधनाला मदत करणाऱ्या रिसर्च कॉर्पोरेशन या संस्थेला आणि निम्मी ब्राउन-हेझन फंडाला. त्या फंडातून बुरशीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांत काम करणाऱ्यांना पैसे मिळत गेले. अमेरिकेत वैद्यकीय बुरशीशास्त्राला केंद्र सरकारबाहेरून इतका मोठा आधार तेव्हा दुसरा कुणाचा नव्हता. या दोघी मात्र आपल्या पगारावर राहिल्या.

हे त्याग वगैरे म्हणून सोडून देऊ नका. थोडा विचार करा. एकीला काका-काकूंनी उचलून घेतलं आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजनं शिकवलं. दुसरीची फी एका ओळखीच्या बाईंनी भरली आणि तरीही पैशापायी तिची पदवी सात वर्षं अडकली. फी भरायला कुणी नसणं म्हणजे काय, हे दोघींना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१९५४ साली न्यूयॉर्क शहरातली प्रयोगशाळा बंद झाली आणि हेझनबाई ऑल्बनीला गेल्या. सहा वर्षं टपालावर चाललेली जोडी अखेर एका गावात आली. १९६० साली त्या निवृत्त झाल्या, पण बुरशीचं वेड सुटलं नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांच्या संस्थेनं केमिकल पायोनियर हा पुरस्कार दोघींना दिला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्रिया. त्याच वर्षी जूनमध्ये, नव्वदी दोन महिन्यांवर असताना, सिअॅटलमध्ये हेझनबाई गेल्या. लहानपणी जिच्यासोबत काकांच्या घरी आल्या होत्या, त्या आजारी बहिणीजवळ राहायला त्या तिथं गेल्या होत्या. ब्राउनबाई १९८० मध्ये गेल्या. १९९४ साली अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत, नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये, दोघींची नावं लागली.

त्यांचं औषध तर भलतीकडंही पोचलं. १९६६ साली इटलीत फ्लॉरेन्स शहरात मोठा पूर आला. ओल्या भिंतींवरच्या जुन्या चित्रांवर बुरशी चढायला लागली. ती रोखायला वापरलं निस्टॅटिन!

तुमच्यासाठी दोन गोष्टी

एक, औषधाच्या दुकानातून विचारून कुठलीही ट्यूब आणून फासू नका. यीस्ट वेगळी, गजकर्णाची बुरशी वेगळी. निस्टॅटिन गजकर्णावर चालत नाही. आणि स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमनं खाज दोन दिवस थांबते, पण आत बुरशी फोफावते. आपल्याकडं त्वचारोगतज्ज्ञ याच दुखण्यानं सध्या हैराण आहेत. आधी दाखवा, मग लावा.

दुसरी, प्रॅक्टिकलला कधी यीस्ट पसरलेल्या पेट्री डिशमध्ये औषधाची चकती ठेवाल, तर दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती एक स्वच्छ गोल दिसेल. तिथं यीस्ट वाढलेली नसते. मार्कांपुरता तो गोल पट्टीनं मोजा, मिलिमीटर लिहा. पण लिहिण्याआधी क्षणभर त्याच्याकडं नीट बघा. साठी ओलांडलेली एक बाई मातीच्या नमुन्यामागून नमुने तपासत हाच मोकळा गोल शोधत होती.